वर गाठ कोण सोडणार

आमच्या धाकलीला उंचावरून बघायची हौस फार. हे वाक्य लिहिलं आणि माझं मलाच कसं तरी झालं, कारण तिचा सगळा जन्म जमिनीला चिकटून गेला. तीन वर्षांची होती. ताप आला, तापातच कुणीतरी सुई टोचली, आणि ताप उतरला तेव्हा दोन्ही पायांत काही उरलं नव्हतं. पोलिओ हा शब्द आम्हाला पुष्कळ नंतर कळला. तेव्हा घरात सगळे नुसतं 'पाय गेले' म्हणायचे, जसं काय ते कुठं पाहुण्याकडं गेलेत आणि चार दिवसांनी परत येतील.

मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी. ती मला अक्का म्हणते, मी तिला धाकली म्हणते. आता दोघींचे केस पांढरे झाले तरी तेच चालू आहे. लहानपणी ती हातांवर जोर देऊन बुडावर सरकायची. त्यामुळं तिला जग दिसायचं ते खालून. चुलीचं तोंड, बाजेची खालची बाजू, आल्यागेल्यांचे गुडघे. माणूस ओळखायची ती पायावरून. "टाचा फुटलेली मावशी आली," असं तिनं एकदा त्या मावशीसमोरच ओरडून सांगितलं आणि आईचा धपाटा खाल्ला.

वर्षातून एकदा मात्र ती सगळ्यांच्या वर जायची. नागपंचमीला. आमचं माहेर बिदर जिल्ह्यात, राजेश्वरच्या अलीकडं, शेतीचं गाव. पंचमीला गावाबाहेरच्या चिंचेला झोका बांधायचे. नाडा जाड, मोटेला वापरतात तसला, आणि खाली रुंद फळी. झोका उंच असायचा, मोठ्या बाया उभ्यानं खेळायच्या म्हणून. धाकलीला मी फळीवर बसवायची आणि आईच्या जुन्या इरकली लुगड्यानं कंबरेला वेढे देऊन दोन्ही बाजूंनी नाड्याला बांधून टाकायची. पायांत जोर नसला की माणूस फळीवरून पुढं घसरतं, म्हणून बांधायचं. माझ्या गाठी चांगल्या बसायच्या. मग दोघी-तिघींनी मिळून झोका द्यायचा.

झोका वर गेला की ती ओरडून सांगायची, तिला काय दिसतंय ते.

"अक्का, पाटलाच्या माळवदावर मांजर झोपलंय!"

"अक्का, रस्त्यानं बस यायलीय, टपावर बकऱ्या हायत!"

आम्ही खालून विचारायचो, आणखी काय? आणि ती प्रत्येक हेलकाव्याला एक एक बातमी द्यायची. वर्षभर खालून जग बघणारी पोरगी त्या दिवशी आम्हाला जग सांगायची. हसायची पण कशी, पोट धरून. पोट धरायला हात सोडायची आणि मी खालून शिव्या द्यायची.

पुढं माझं लग्न झालं, मी बिदरला आले. धाकलीला हातमशीन घेऊन दिली, चाक हातानं फिरवायचं, पायाचं काम नाही. तिनं त्यावर अख्ख्या गावाची झंपरं शिवली. आई-वडील गेले तसं मी तिला बिदरातच, मैलूर भागात, माझ्या घरी आणलं. तिथंही तिचं गिऱ्हाईक जमलं. बायका झंपर टाकायला यायच्या आणि तासभर बसायच्या, कारण हिच्या जिभेला सुट्टी नाही. माझ्यावर गेली म्हणतात. असेल.

दोन वर्षांमागं तिचा उजवा हात वर जाईना झाला. मग डावाही. कात्री हातातून सुटायला लागली. गुलबर्ग्याला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. भला माणूस होता, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि समजावून सांगितलं. म्हणाला, बाई, तुम्ही आयुष्यभर हातांवर चाललात. पोलिओनं तेव्हा जे सोडलं होतं ते आता थकलंय. औषधानं दुखणं कमी होईल, ताकद येणार नाही. हळूहळू आणखी जाईल.

"किती दिवस हायत हाताचे?" तिनं विचारलं.

"ते सांगता येत नाही."

परत येताना ती गाडीत गप्प होती. ती गप्प असली की मला भीती वाटते. हुमनाबाद गेलं, तरी गप्प. मग एकदम म्हणाली, "अक्का, हातात धरायला जोर हाय तवर एकदा झोक्यावर बसायचंय. उंच."

मी म्हणाले, बसू की. पण बसायचं कुठं? ती चिंच रस्ता मोठा करताना गेली. शहरात पंचमीला झोके बांधतात ते घरातल्या कडीला, पाय टेकतील एवढे. त्यातून दिसणार काय, समोरचं कपाट?

माझ्या लेकीची लेक हैद्राबादला नोकरी करते. तिला हे कळलं तशी तिनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. हैद्राबादच्या बाहेर मोठं पार्क आहे, खेळांचं. तिथं एक उंच खांब, खांबाभोवती साखळ्यांना लोंबणाऱ्या खुर्च्या. खुर्च्या गोल फिरत फिरत पार खांबाच्या शेंड्याला जातात. धाकलीनं तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते देवालाच ठाऊक. फोन छातीवर ठेवून झोपायची.

नातीनं तिकिटं काढली आणि दोन दिवसांनी मला एकटीला फोन केला.

"आज्जी, एक सांगायचंय. पार्कवाल्यांनी कुठल्या खेळात कोण बसू शकतं त्याची यादी दिलीय. त्या झोक्यात ज्यांना स्वतःच्या पायानं चालता येत न्हाई त्यांना बसू देत न्हाईत. धाकल्या आज्जीला सांगशील का?"

मी म्हणाले, "कागदावर असतंय तसं. तिथं गेल्यावर माणूस बघून बसवतेत."

"आज्जी, तसं न्हाई तिथं."

"तू गप बस. मी बोलते तिथं."

आता हे माझं चुकलं, पण का चुकलं तेही सांगते. आमच्याकडं नियम म्हणजे बोलायची सुरुवात असते. कंडक्टर म्हणतो हे पोतं बसमध्ये चालायचं नाही. आपण म्हणायचं, अण्णा, लांब जायचंय, आणि पोतं चढतं. दवाखान्यात म्हणतात भेटायची वेळ संपली. आपण म्हणायचं, बाबा, खेड्यावरून आलोय, आणि दार उघडतं. साठ-पासष्ट वर्षं माझं सगळं असंच झालं. समोर माणूस असला की झालं, असा माझा हिशेब. म्हणून धाकलीला मी काही सांगितलं नाही. उलट आईचं ते इरकली लुगडं, विटून मऊसूत झालेलं, ट्रंकेतून काढून पिशवीत घातलं. तिथं पट्टा असेल नसेल, आपण आपलं बांधून घ्यावं.

पहाटे गाडी करून निघालो, नात तिकडं पार्कच्या दारात भेटणार होती. धाकलीनं नवं झंपर घातलं होतं, तिनं स्वतः शिवलेलं शेवटचं. बाही थोडी तिरकी होती. 

पार्क चांगलं होतं हो, खोटं कशाला बोलू. दारातच त्यांनी चाकाची खुर्ची दिली. कुठं पायरी नाही, सगळीकडं उतार. आमचा शेंगापोळीचा डबा दारात ठेवून घेतला, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. लुगडं बघितलं, झटकलं, आणि परत दिलं. आत एक मोठं बाथरूम होतं, रुंद दार, धरायला दांड्या. धाकली आत गेली ती कितीतरी वेळ बाहेरच येईना. मी दार वाजवायला लागले.

"अगं, काय करायलीस?"

"काय न्हाई. मला इथं कुणी लागलं न्हाई, अक्का. एकटीनं जमलं." बाहेर आली तेव्हा तिचं तोंड असं फुललेलं होतं की मला वाटलं, झालं, आता झोकाही मिळणार. दिवसच चांगला आहे.

झोक्याजवळ गेलो. खालून बघितलं तर माझीच मान दुखली. खुर्च्या वर गेल्या की माणसं पाखरांएवढी. बाजूला मोठा फलक, त्यावर चित्रं काढलेली. नातीनं वाचून दाखवलं. गरोदर बायांनी बसू नये, बीपीवाल्यांनी बसू नये, काळजाचा आजार असणाऱ्यांनी बसू नये, पाठीचं ऑपरेशन झालेल्यांनी बसू नये. आणि चाकाच्या खुर्चीचं चित्र, त्यावर लाल रेघ. ते धाकलीनं स्वतःच बघितलं. चित्र वाचायला शाळा लागत नाही.

"अक्का, हे काय?"

"ते असंच असतंय," मी म्हणाले आणि खुर्ची ढकलत पुढं गेले.

फाटकावर एक चाळिशीचा माणूस होता. उन्हानं काळवंडलेला, गळ्यात शिट्टी. त्यानं आधी धाकलीला हात जोडले, मग माझ्याकडं बघितलं.

"अम्मा, इनों चलते क्या?"

आणि मी म्हणाले, "हौ, चलती ना. घर में भिंतीकू धरके चलती थोडा थोडा."

हे कसं माझ्या तोंडून गेलं ते मला सांगता येणार नाही. म्हणजे येईल. हे मी लहानपणापासून सांगत आलेय. शाळेत, लग्नात, शेजारणींना. थोडी थोडी चालते. आता सुधारलीय. सांगून सांगून ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

तो म्हणाला, "अच्छा है. तो खडे होके चार कदम चलके बताव. बस. फिर मैं बिठाता."

मागं रांग होती. कॉलेजची पोरं, लेकरंवाल्या बाया. सगळे बघायला लागले. धाकलीनं खुर्चीचे दोन्ही हात धरले. मला एक क्षण वाटलं ही उठते.  तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. दमलेल्या माणसानं बघावं तसं.

मग त्या माणसाला म्हणाली, "नै चलती साब मैं. तीन बरस की थी तबसे नै चली. ये मेरी अक्का है. इनों बोलतेच रहते."

रांगेतलं कुणीतरी हसलं. तो माणूस हसला नाही. तो खाली वाकला, तिच्या तोंडाशी तोंड येईल असा, आणि सांगायला लागला. अम्मा, वर जायला तुमची अडचण नाही. पट्टा आहे, दांडा आहे, तुम्ही पडणार नाही. पण कधी कधी हे वर अडकतं. लाईट जाते, काही होतं. हळूहळू खाली आणतो आम्ही, पण पार खालपर्यंत येईलच असं नाही. मग शिडी लावतो, एकेकानं आपापलं उतरायचं. त्या शिडीवर एका वेळी एकच माणूस मावतो. तुम्हाला उचलून आणायला आमच्यातला कुणी तिथं उभा राहू शकत नाही.

मी पिशवीतून लुगडं काढलं. माझं आपलं चालूच. म्हणाले, अण्णा, हे बघा, मी हिला बांधते. आम्ही पंचमीला असंच बांधायचो. काही होत नाही. माझ्या गाठी सुटत नाहीत.

आता मात्र रांगेत सगळेच हसले. नात लाजून लाल झाली. "आज्जी, ठेव ते आत," म्हणाली.

तो माणूस त्या लुगड्याकडं जरा वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ऊपर गाठ कौन खोलता अम्मा?"

 धाकलीनं मान फिरवली.

त्याला वाईट वाटलं असावं. म्हणाला, ही फेरी संपली की पुढची सोडायच्या आधी मी मशीन बंद ठेवतो. तुम्ही खुर्चीत बसा, फोटो काढा, वर नेणार नाही, पण बसल्यासारखं होईल. चांगल्या मनानं म्हणाला बिचारा.

धाकली हसली. म्हणाली, "नक्को साब. थांबेल्या झोक्यात मैं बहुत बैठी."

त्याला ते कळलं नाही. नातीला कळलं नाही. मला कळलं, आणि हातातलं लुगडं मी तिथंच चोळामोळा करून पिशवीत कोंबलं.

नात तणतणत पार्कच्या ऑफिसात भांडायला गेली. मी खुर्ची ढकलत एका झाडाखाली आणली आणि बाकावर बसले. आता ते सांगावं लागणार. मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

ती सहा वर्षांची आणि मी तेराची. पंचमी. मी तिला बांधलं, झोके दिले. तेवढ्यात मैत्रिणी आल्या, कासार आलाय म्हणाल्या, हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्यात. मी झोका थांबवला, तिला म्हणाले आलेच. बांगड्या भरल्या. तिथून एकीच्या घरी लाह्या खायला. तिथं गाणी, फुगड्या. श्रावणाची सर आली, जी ती घरी पळाली. मीही पळाले. घरी येऊन डोकं पुसत होते तेव्हा आईनं विचारलं, धाकली कुठंय?

मी धावत गेले. दिवस मावळत आला होता. चिंचेखाली कुणी नव्हतं. झोका सरळ उभा, हलत नाही, आणि ती त्याच्यावर, दोन्ही हातांनी नाडा धरलेला, पाय अधांतरी. लुगडं भिजून गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. दातांनी ओढल्या, नाहीत सुटल्या. पुन्हा घरी पळाले, विळा आणला आणि एका बाजूनं कापलं. ती भिजली होती, खालूनही भिजली होती. रडली नाही. "मला खाली घे," एवढंच म्हणाली. आईला मी सांगितलं, हीच उतरायला तयार नव्हती, हट्ट करायली होती. आईनं तिला मारलं. ती काही बोलली नाही. मला इतकी वर्षं वाटत आलं की ती विसरली. सहा वर्षांचं लेकरू, काय लक्षात राहतंय?

बाकावर बसून मी म्हणाले, "तुला ध्यानात हाय व्हय ते?"

"कामून नसंल?"

"किती वेळ होतीस गं?"

"म्हाईत न्हाई. मला काय घड्याळ कळतंय? पण आधी लई वेळ मी हसत होते."

"हसत?"

"मला वाटलं तू झाडामागं हायस. लपलीस. खेळ करायलीस. म्हणून मी हाका बी मारल्या न्हाईत. हाक मारली की खेळात हरतंय ना माणूस." ती स्वतःच्या हातांकडं बघत होती. "मग पाऊस आला. पावसात कोण खेळ करतंय? तवा कळलं."

मी रडायला लागले. ती नाही. तिनं पदर पुढं केला, हात वर जात नाही म्हणून मीच वाकून तिच्या पदरानं डोळे पुसले.

"आईनं मारलं तवा तरी बोलायचं की. इतकी वर्षं कामून बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही मला पुन्हा झोक्यावर बसवलं नसतं," ती म्हणाली. "आई म्हणाली असती, नगं ते झोकं. वर्षातनं एक दिवस तर मिळायचा."

 मी तिचा हात हातात घेतला. केवढा हलका लागला. याच हातांनी ती सरकत सरकत घरभर फिरली, याच हातांनी मशीनचं चाक फिरवलं.

"धाकले, माझं चुकलं. तेव्हाचं बी आणि आजचं बी. मला म्हाईत होतं इथं बसू देत न्हाईत. पोरीनं सांगितलं होतं."

"व्हय?" ती माझ्याकडं वळली. आता मात्र तिचा आवाज बदलला. "मग सांगायचं मला. मी आले नसते का? आले असते. बाथरूम बघितलं, माणसं बघितली. पण फाटकावर चार कदम चलो म्हणायची पाळी तरी आली नसती. तो बिचारा विचारून विचारून काय विचारायला होता? चालता का. न्हाई म्हणायचं, मोकळं. तू मला चालवतीसच. जलमभर चालवायलीस."

मी मान खाली घातली.  झोका वर गेला, खाली आला. पुन्हा माणसं चढली.

मग तीच म्हणाली, "अक्का, तू बस जा."

"मी? मला चक्कर येतंय स्टुलावर चढलं तर."

"बस जा. दोन पाय हायत ना. माझ्या तिकिटाचं सोनं कर. आणि वरनं काय दिसतंय ते बघून मला येऊन सांग. मी सांगायची तसं. नीट बघ. त्या भिंतीपल्याड काय हाय, रस्ता कुठं जायलाय, सगळं."

मी नाही म्हणणार होते. पण तिचं तोंड बघितलं आणि उठले. मी रोज सकाळी बीपीची गोळी घेते. फलकावर ते लिहिलेलं होतं. फाटकावर त्या माणसानं रांगेला मोठ्यानं विचारलंही, बीपी, हार्ट, कोई है क्या? कुणी बोललं नाही, मीही बोलले नाही. तो तरी काय करणार? धाकलीचे पाय खुर्चीत सगळ्यांना दिसतात, माझं बीपी कुणाला दिसतंय. नियम तिच्यासाठी जेवढा खरा होता तेवढाच माझ्यासाठीही होता. तुम्ही कुणी असं करू नका. नंतर नातीला कळलं तेव्हा तिनं माझी चांगली हजेरी घेतली, आणि तिचं बरोबर होतं.

त्यानं मला ओळखलं. दांडा खाली घेताना म्हणाला, "डरना नक्को अम्मा."

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक पोरगी होती, कॉलेजची. पाय जमिनीवरून सुटले आणि ती किंचाळायला लागली. साखळ्या करकरल्या. मी दांडा असा धरला की दुसऱ्या दिवशी तळहाताला वळ होते. वारा आला, मग जास्त आला, पदर तोंडावर फडफडायला लागला. खालची गाणी लांब गेली.  वर कुठंतरी एकदम सगळं संथ झालं, वारा पण कमी झाला, तेव्हा मला कळलं की हाच शेंडा. त्या पोरीनं किंचाळणं थांबवलं आणि म्हणाली, "अय्यो, कितना अच्छा है." मी ते ऐकलं. मग पुन्हा वारा, आणि खाली.

खाली उतरले. त्या माणसानं दंडाला धरून मला फाटकाबाहेर आणलं. धाकली कठड्याला खुर्ची अगदी टेकवून थांबली होती. कुणीतरी ढकलून आणलं असेल, की स्वतः चाकं फिरवली, त्या हातांनी? मान वर करून ती माझीच वाट बघत होती. तिचं तोंड अगदी सहा वर्षांचं झालं होतं.

"काय दिसलं अक्का?"

मला काहीही सांगता आलं असतं. एक तलाव सांगितला असता. डोंगर सांगितला असता. बिदरचा रस्ता सांगितला असता, त्यावर एक बस, टपावर बकऱ्या. ती खूश झाली असती. तिच्या बाबतीत खोटं बोलायला मला कधी विचार करावा लागला नाही. पण त्या दिवशी आधीच एक बोलून झालं होतं, आणि दुसरं तोंडातून निघेना.

"मी डोळे मिटले होते गं."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

ती माझ्याकडं बघत होती, मग माझ्या मागं, वर, रिकाम्या खांबाकडं बघायला लागली. खालचा ओठ जरा हलला. लहानपणी आईनं मारलं तेव्हाही एवढंच झालं होतं.

"तेवढं तरी बघून यायचं होतंस की गं अक्का," ती म्हणाली.

शिट्टी वाजली. नवी माणसं बसली होती, खुर्च्या हळूहळू वर निघाल्या. नात ऑफिसातून येताना दिसली, हातात पाण्याच्या बाटल्या, तोंड उतरलेलं. मी धाकलीच्या खुर्चीमागं गेले, दांडा धरला, आणि ढकलणार तेवढ्यात थांबले. आधी तिला विचारलं.

"निघायचं का धाकले?"

तिनं मान वरच ठेवली होती.

"थांब," ती म्हणाली. "ह्या सगळ्यांना खाली उतरू दे आधी."